सरावाचा वारा

"मशीनला माणसांशी नीट बोलायला शिकवते," असं मी माझ्या कामाबद्दल सांगायचे. लोक हसायचे. हसू देत. धरणं, पंप, बोगदे बघणाऱ्या आमच्या खात्यात एकेचाळीस प्रोग्राम होते आणि एकेचाळीसांच्या एकेचाळीस तऱ्हा. एकात पंप थांबवायला 'थांब' टाइप करायचं, दुसऱ्यात 'बंद', तिसऱ्यात कसलासा आकडा. चूक झाली की एक नुसतं 'त्रुटी ७७' म्हणून गप्प बसायचा, दुसरा अख्खं पान ओकायचा. हे सगळं एका वळणावर आणायचं आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी धडकी भरू द्यायची नाही, यासाठी मला ठेवलेलं. मी हेमांगी पोतनीस, वय चौपन्न. जिभेला हाड नाही अशी ऑफिसात माझी ख्याती आहे. पण प्रोग्रामांच्या तोंडी मी इतकी गोड भाषा घातली, की आमच्या सासूबाई म्हणायच्या, "त्यातली चमचाभर घरी वापरलीस तर काय झिजशील?"

आता कोणी विचारेल, या काळात काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करत कोण बसतं? मध्ये कोणीच बसत नव्हतं. तोंडानं सांगायचं आणि मशीननं ऐकायचं, असाच सगळा कारभार होता. मग एका धरणाच्या कंट्रोल रूममध्ये साहेबांच्या हुबेहूब आवाजात, हुबेहूब चेहऱ्यानिशी हुकूम आला आणि दरवाजे उघडले गेले. आवाज खोटा, चेहरा खोटा, खालच्या गावात शिरलेलं पाणी तेवढं खरं. त्यानंतर नियम झाला, की जिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे माणसानं स्वतःच्या बोटांनी कमांड टाइप करायची. कारण बोटांची नक्कल करणं फार अवघड. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला मला सेकंदाचा आठवा भाग लागतो, तर तुम्हाला सहावा. अशा हजारो जोड्या मोजल्या की माणूस सहीपेक्षा पक्का ओळखता येतो.

ही लय मोजता मोजता संशोधकांना आणखी एक गोष्ट सापडली. माणूस घाबरला की त्याची लय एका ठरावीक पद्धतीनं मोडते. शब्द टाइप करताना तो वेगात असतो, पण पुढचा शब्द सुरू करण्याआधी अडखळतो, आणि एंटर दाबण्याआधी तर फारच. शंभरात चौऱ्याण्णव वेळा मशीनला कळतं, की हा माणूस आत्ता गोंधळलेला आहे. झालं! त्यावरून आम्ही एक थर बांधला आणि सगळ्या प्रोग्रामांवर चढवला. नाव ठेवलं 'सांभाळ'. नोकरीचे पहिले नव्वद दिवस तो नवख्याची बोटं ऐकायचा. जोखमीची कमांड गोंधळलेल्या बोटांनी आली, की तो ती खरी चालवायचा नाही, सराव म्हणून चालवायचा. म्हणजे कमांड दिल्यावर काय होईल ते पूर्ण दाखवायचं, आकड्यांसकट, पण प्रत्यक्षात एक काडी हलवायची नाही. नवख्यांना हे सांगायचं नाही असंही ठरलं. कारण बोटं कोणी ऐकतंय हे कळलं, की बोटं सोंग करायला लागतात. शिवाय नवख्याच्या शेजारी सीनियर बसलेला असणारच, आणि सीनियरला सगळं ठाऊक असणार, मग बिघडतं कुठे?

नाझनीन परकार मला भेटली ती आमच्या चाचणीत. या चाचणीची माझी एक रीत आहे आणि तिचा मला फार गर्व होता. ज्यानं जन्मात कमांड टाइप केलेली नाही असा माणूस स्क्रीनसमोर बसवायचा. आपण मागे स्टूल टाकून बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. मदत नाही, 'बरं बरं' नाही, सुस्कारासुद्धा नाही. तो कुठे अडतो ते लिहून घ्यायचं, बस्स. माणूस अडला की दोष प्रोग्रामचा, हा माझा कायदा. नाझनीन तेव्हा एकवीस वर्षांची होती, चिपळूणजवळच्या गोवळकोटची. डिप्लोमा झालेला, हुशार, मान खाली घालून काम करणारी. बोगद्याच्या पंख्यांचा प्रोग्राम तिच्यापुढे होता. तिनं अडखळत एक कमांड दिली, सांभाळनं ती सराव म्हणून चालवली आणि खाली ओळ आली, "थांबा. काहीही झालेलं नाही. हा फक्त सराव होता. खरं करायचं असेल तर कमांड पुन्हा द्या."

ती ओळ वाचून पोरीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. मी वहीत लिहिलं, 'ओळ फार कठोर. नवख्याला अपमान वाटतो.' दुसऱ्या दिवशी ती ओळ मी स्वतःच्या हातांनी काढून टाकली. ते आठवलं की अजून माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. नाझनीन त्या ओळीमुळे रडलीच नव्हती. त्या सकाळी तिच्या अम्मीच्या तपासणीचा कागद आला होता, आणि त्यात कॅन्सर लिहिलेला होता. मला हे दीड वर्षानं गप्पांच्या ओघात कळलं. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण विचारायचं नाही ही तर माझीच रीत!

ओळ काढायला आणखी एक कारण होतं, तेही सांगते. बाकीच्या चाळीस प्रोग्रामांत सरावाचं आणि खऱ्याचं उत्तर एकाच साच्यात यायचं. 'झालं' आणि पुढे काय झालं ते. खऱ्याचं पांढऱ्या अक्षरात, सरावाचं राखाडी. पंख्यांचा प्रोग्राम तेवढा आडमुठा, त्याची ती लांबलचक ओळ. सगळं सारखं करायचं म्हणजे करायचं, या हट्टानं मी तोही साच्यात बसवला. नुसत्या रंगावर विसंबू नये, काही जुन्या स्क्रीनना रंग नसतो, हे माझ्याच नियमावलीत नवव्या नंबरवर लिहिलेलं आहे. पण जुन्या स्क्रीन सगळीकडून काढल्या असा लेखी दाखला आला होता. मी तो फाइलला लावला आणि निर्धास्त झाले.

नाझनीनला पुढे वाघजाई बोगद्यावर नोकरी लागली. अर्ज माझ्याच सांगण्यावरून केला होता तिनं. घाटाच्या पोटातून जाणारा नऊ किलोमीटरचा बोगदा, एक तोंड चिपळूणकडे, दुसरं पाटणकडे. कंट्रोल रूम चिपळूणच्या तोंडाशी. तिथले सीनियर अंकुश जाबरे, पाटणचे, पंचवीस वर्षं बोगद्यांत काढलेला माणूस. ते तिला रोज सकाळी आग लागल्यावर द्यायची कमांड टाइप करायला लावायचे, शेवटी 'सराव' हा शब्द लावून. "बोटांना पाठ झालं पायजे पोरी, डोकं त्या वक्ताला पळून जातंय," म्हणायचे. आणि टाइप करताना मोठ्यानं बोलायचं, ही त्यांची शिस्त. नाझनीन मला फोनवर त्यांच्या नकला करून दाखवायची. काका रंगीत स्क्रीन लावूच देत नाहीत, डोळ्यांना त्रास होतो म्हणतात, जुनी हिरवीच बरी, हेही तिनं एकदा हसत सांगितलं होतं. मीही हसले. दाखला फाइलला लावलेला होता ना!

तिच्या नोकरीचा ब्याऐंशीवा दिवस. मंगळवार. दुरुस्तीसाठी बोगदा वाहतुकीला बंद होता. आत सहा कामगार होते आणि एक जोड अवघड निघाला म्हणून जाबरे स्वतः आत गेले. "अर्ध्या तासात आलो," असं सांगून. खोलीत नाझनीन एकटी. ते सात जण पाचव्या किलोमीटरला असताना त्यांच्याच सामानाच्या ट्रकची बॅटरी पेटली, तिसऱ्या किलोमीटरला. म्हणजे आग त्यांच्या आणि चिपळूणच्या तोंडाच्या मध्ये. पंख्यांचा वारा नेहमी चिपळूणकडून पाटणकडे वाहतो, तेव्हा सगळा धूर त्यांच्याच अंगावर आला. बोगद्यात ठिकठिकाणी जाड दाराच्या खोल्या असतात, त्यांत दोन तास पुरेल एवढी हवा असते. सातही जण अशा एका खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. तिथपर्यंत सगळं नीट झालं होतं.

पुढचं मी ऐकलं ते गुरुवारी, आमचे प्रमुख केळुसकर यांच्या केबिनमध्ये. कंट्रोल रूममधलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं.

"नाझनीन, ऐक," जाबऱ्यांचा आवाज. "एकाच्या छातीत धूर गेलाय, तो काय दोन तास काढायचा न्हाई. पंखे उलटे फिरव. धूर चिपळूणकडं गेला की आम्ही पाटणच्या अंगानं चालत सुटतो. झालं की सांग."

"हो काका." मग तिचा आवाज, शब्द सुटे सुटे, शिकवल्याप्रमाणे मोठ्यानं. "पंखे... सर्व... दिशा उलट. एंटर." दोन-तीन सेकंद काहीच नाही. "झालं काका! सगळे बारा उलटे. वारा उलटा दाखवतोय, वेग तीन पूर्णांक दोन."

"नक्की?"

"नक्की काका. झालं म्हणतंय. चला तुम्ही, निघा."

दार उघडल्याचा आवाज. खोकला. मग जाबरे, "नाझनीन, धूर हाय गं अजून. लई हाय."

"कमी होईल काका, पंखे उलटे झालेत. थांबू नका, चालत राहा."

त्यानंतर ती हाकाच मारत राहते. आठ मिनिटं. केळुसकरांनी ते पुढचं बंद केलं.

वारा उलटा झालाच नव्हता. सांभाळला तिची बोटं गोंधळलेली वाटली, साहजिकच होतं ते, सात माणसं आत होती. त्यानं कमांड सराव म्हणून चालवली, सरावाचा वारा दाखवला, तीन पूर्णांक दोन, आणि माझ्या साच्यातलं उत्तर दिलं, 'झालं'. राखाडी अक्षरात. जाबऱ्यांच्या जुन्या स्क्रीनवर सगळीच अक्षरं हिरवी होती.

"लॉगमध्ये सराव लिहिलंय," केळुसकर म्हणाले. "पोरीनं सवयीनं शेवटी 'सराव' टाइप केलं असणार. रोज सकाळी करायची म्हणे. चौकशी समितीचंही तेच मत होतंय."

"तिनं 'सराव' म्हटलं नाही. आत्ता ऐकलंत ना तुम्ही?"

"घाबरलेला माणूस बोलतो एक, टाइप करतो एक."

लॉगमध्ये पूर्वी दोन वेगळे शब्द यायचे. माणसानं सराव मागितला तर एक, सांभाळनं लावला तर दुसरा. ते एकसारखं मीच केलं होतं, आपलेच दात आणि आपलेच ओठ. खरं काय झालं ते आता एकाच ठिकाणी होतं, सांभाळच्या खासगी डायरीत. ती सात दिवसांनी आपोआप पुसली जायची. लोकांच्या भीतीची नोंद कायम ठेवणं बरं नाही, हा नियमसुद्धा माझाच होता. समितीनं मागितली तरच डायरी उघडायची, आणि समितीला ती असते हेच माहीत नव्हतं. मी बाहेर काढायची तर त्याला केळुसकरांची सही लागणार होती.

केळुसकर वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. "हेमांगीबाई, तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतंय. पण विचार करा. सांभाळ नऊ जिल्ह्यांत चालतो. दोन वर्षांत चारशेच्या वर अपघात त्यानं टाळलेत, आकडे तुम्हीच काढलेत. उद्या पेपरात आलं की सांभाळनं सात माणसं मारली, परवा तो सगळीकडून काढतील. मग पुढचे चारशे कोण टाळणार? थोडं थांबा. आधी आपण आपल्यात तपासू."

मी थांबले. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. गुरुवारी थांबले, शुक्रवारी दाखल्याची फाइल काढून बघितली आणि परत ठेवली. शनिवारी नाझनीनचा फोन आला, तो मी उचलला नाही. तो फोन किती वेळ वाजत होता ते मला सांगता येईल, इतकी मी त्याच्याकडे बघत बसले होते. चारशे अपघातांचं कारण खोटं नव्हतं. पण मी थांबले त्याचं खरं कारण ते नव्हे. मी घाबरले होते. वीस वर्षं ज्या कामासाठी टाळ्या घेतल्या त्यानंच माणसं मेली, हे चारचौघांत म्हणायला माझी जीभ उचलेना. तीच ती, हाड नसलेली जीभ. मंगळवारी डायरी पुसली जाणार हे मला पाठ होतं. मंगळवारी मी ताप आला म्हणून घरी झोपून राहिले. ताप नव्हता.

बुधवारी सकाळी मी समितीकडे गेले. वरातीमागून घोडं. सगळं सांगितलं. ओळ, रंग, लॉग, डायरी, काही म्हणता काही लपवलं नाही. अध्यक्षबाई शांतपणे ऐकत होत्या.

"म्हणजे त्या दिवशी यंत्रणेनं स्वतःहून सराव चालवला, असं तुमचं म्हणणं आहे. पुरावा?"

"डायरीत होता. काल रात्री पुसला गेला."

"तुम्हाला ते माहीत होतं?"

"होतं."

"मग काल का आला नाहीत?"

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. माझं निवेदन पुढे अहवालाला जोडलं गेलं, परिशिष्टात, आणि त्यावर शेरा होता, 'कनिष्ठ सहकाऱ्याविषयीच्या सहानुभूतीतून दिलेलं, दुजोरा नाही.' नियमावलीत मात्र तातडीनं सुधारणा झाली. ती कठोर ओळ परत आली आणि जुन्या स्क्रीन खरोखरच हलवल्या. म्हणजे मशीनची चूक सगळ्यांनी मुकाट्यानं मान्य केली, आणि कागदावर ती नाझनीनचीच राहिली. तिच्यावर हयगयीनं सात जणांच्या मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा आधीच दाखल झाला होता. जामिनावर ती घरी होती.

मी गोवळकोटला गेले ती त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी. दार तिच्या अम्मीनं उघडलं. डोक्याला घट्ट ओढणी, चेहरा उतरलेला, पण मला बघून तोंडभर हसल्या. "मॅडम आल्यात, नाझू! या ना, बसा. किती लांबून आलात." त्यांनी कोकम सरबताचा पेला हातात दिला आणि आत गेल्या. नाझनीन खिडकीशी बसली होती. दहा दिवसांत पोर वाळून काटकी झाली होती. तरीही मला बघून उठून उभी राहिली, सवयीनं.

"बस गं," मी म्हटलं. "मी तुला एक सांगायला आलेय. तू 'सराव' टाइप केलंच नव्हतंस. मशीननं केलं ते." आणि सगळं सांगितलं. सांभाळ काय आहे, तो तिची बोटं कशी ऐकत होता, ओळ मी कशी काढली. रचनेचे कागद बरोबर नेले होते, ते तिच्या मांडीवर ठेवले. माझी बोट ठेवण्याची जागासुद्धा मी घरून ठरवून गेले होते. "हे बघ, इथे. गोंधळ आढळल्यास सराव म्हणून चालवावी."

तिनं ते वाचलं. नीट, दोनदा वाचलं. मग कागद जुळवून माझ्याकडे परत दिले.

"हे तुम्ही लिहिलंय ना, मॅडम?"

"हो."

"कळलंच. वाचताना बरं वाटतं, म्हणून." ती माझ्याकडे बघत नव्हती. "पहिल्या दिवसापासून मी काहीही चुकले तरी स्क्रीन म्हणायची, हरकत नाही, इथे बहुतेकांचं असंच होतं. मी काकांना विचारलं होतं, खरंच बहुतेकांचं होतं का हो? ते म्हणाले, न्हाई गं, ते पोतनीस मॅडम धीर द्यायला लिहितात."

"नाझनीन, हे धीर द्यायला नाही. हे खरं आहे. तुझ्या अम्मीची शपथ घेऊन सांगते."

"अम्मीची नका घेऊ."

मी हात मागे घेतला. मी म्हटलं, "मी समितीपुढे सांगितलंय. लेखी दिलंय. तुझी चूक नव्हती गं बाळा."

"ब्याऐंशी दिवस मी रोज सकाळी टाइप केलंय, शेवटी सराव, शेवटी सराव. बोटांनी केलं असणार. मला आठवत नाही, पण केलं असणार." मग तिनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, असता तर मी पाय धरले असते. "तुम्ही चांगल्या आहात मॅडम. माझ्यासाठी एवढं बनवून आणलंत. पण हे खरं असतं, तर तुम्ही पहिल्याच दिवशी आला असतात. शनिवारी मी फोन केला, तो तरी घेतला असतात."

मी घाबरले होते, असं म्हणाले. म्हणजे तोंडानं म्हणाले, पण ते तिला आणखी एक गोड वाक्य वाटलं असावं. तिनं समजूतदारपणे मान हलवली, आजारी माणसाचं ऐकावं तशी.

"'चला' मी म्हटलं त्यांना," ती म्हणाली. "ते तर मीच म्हटलं ना."

अम्मी बाहेर आल्या, माझा पेला भरलेलाच बघून म्हणाल्या, "घेतलं नाहीत सरबत?" मी ते एका दमात प्यायले आणि निघाले. खाली रस्त्यावर येईपर्यंत नाझनीन खिडकीत उभी होती, मला रिक्षा मिळते का ते बघत.

सोमवारी अकरा वाजता तिनं गुन्हा कबूल केल्याच्या कागदावर सही केली. वकील नको म्हणत होते. ती म्हणाली, नक्की माझीच चूक आहे.